परतीची तारीख सांगू नकोस

चि. बाळू,

पाणबुडीसाठी नाव दिलंस आणि आता विशाखापट्टणमला ‘सातवाहन’वर प्रशिक्षणाला चाललास, हे ताईकडून कळलं. बोलताना तिच्या आवाजात कौतुकापेक्षा धाकधूक जास्त होती. तू अधिकारी आणि मी निवृत्त खलाशी. नोकरीत गाठ पडली असती तर सलाम मीच ठोकला असता. घरात मात्र मी मामा आहे, तेव्हा ऐक.

परतीची तारीख घरी कधीही सांगू नकोस. गोपनीयतेचा नियम आहेच, पण नियम नसता तरी मी हेच म्हटलं असतं. तारीख कळली की ताई कालनिर्णयवर खूण करणार, आदल्या दिवशी सुरमई आणून ठेवणार. बोट दोन दिवस लांबली, की तिच्या मनात नाही नाही ते येणार. ‘बंदराला लागलो की फोन करीन’, एवढंच सांग.

थळच्या बाईला वाट पाहणं शिकवायला नको, हे खरं. तुझे बाबाही ट्रॉलरवर आठ-आठ दिवस असतात. पण त्यांच्याकडे वायरलेस आहे, किनारा जवळ आला की मोबाइलला रेंज येते. पाणबुडीने संदेश पाठवला की तिचा ठावठिकाणा उघड होण्याची भीती, म्हणून ती बोलत नाही. तमिळनाडूतल्या ‘कट्टबोम्मन’ केंद्रावरून पाण्याखाली निरोप पोहोचतो, पण तो एकतर्फी, मोजक्या शब्दांचा आणि कामाचाच. हे ताईला निघण्याआधी नीट समजावून सांग. समोरच्या खांदेरी किल्ल्याचं नाव घेतलेली पाणबुडी २०१९ मध्ये नौदलात आल्यापासून गावात जो तो पाणबुडीतला जाणकार झालाय. त्यांच्याकडून तिला काही कळायला नको.

२०१३ सालच्या ऑगस्टमधली ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीची दुर्घटना तिच्या डोक्यात आहे. बोट मुंबईच्या गोदीत उभी होती आणि १८ जण गेले. ती विचारणार नाही, म्हणून विषय तू काढ. ‘काही होत नाही गं’ म्हणून टाळू नकोस. बोटीतून सुटका कशी करायची याचं शिक्षण मिळतं, माणसं बाहेर काढायला मुंबईत बचाव-पाणबुडी आहे, हे सांग. धोका नाही असं मात्र म्हणू नकोस. कोळ्याच्या बायकोला ते पटायचंही नाही.

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तर ‘मुहूर्त माझ्यासाठी अडवू नका’, हेही तुझ्याच तोंडून जाऊ दे. दुसऱ्या कुणी सांगितलं तर ते कुणाच्या मनाला पटणार नाही.

कामाचं थोडकंच. पहिल्या बोटीवर छातीवर डॉल्फिनचा बिल्ला लागेपर्यंत तू शिकाऊच. प्रत्येक नळी कुठून निघते, कुठे जाते, कुठला व्हॉल्व्ह कुणाचा, हे हाताने चाचपून पाठ कर. दिवे गेल्यावर आकृती कामाला येत नाही. जुन्या खलाशाला विचारायला लाजू नकोस. तोही तुला तपासत असतो, कारण तुझ्या चुकीने त्याचाही जीव जाणार असतो. पाणी जपून वापर. कपड्यांना बसलेला डिझेलचा वास ताईने कितीही धुतलं तरी जायचा नाही, तिला आधीच कल्पना दे.

बँकेचं खातं बाबांबरोबर संयुक्त कर. मुखत्यारपत्राचा मसुदा मी अलिबागच्या वकिलांकडून करून ठेवतो, सुट्टीत आलास की आधी सही कर. तेवढं झालं की आजीच्या औषधांचं आणि होडीच्या हप्त्याचं बाबा बघतील.

तुझा,
मामा