बचत कोणाच्या हातांची?



गेल्या हिवाळ्यात असरच्या नमाजनंतर मोहल्ल्यातील एक तरुण माझ्यापाशी थांबला. तो रिक्षा चालवतो. पिशवीतून त्याने एक बाटली व एक डबा काढला आणि अभिमानाने म्हणाला, "मौलानासाहेब, हे घरी केलेलं. कपड्यांना ही पावडर, भांड्यांना हे पाणी. महिन्याला तीनशे रुपये वाचतात. काटकसर हीसुद्धा इबादतच ना?" मी क्षणाचाही विचार न करता "बेशक" म्हणालो, त्याला दुआ दिली आणि समाधानाने घरी आलो. जेवताना ही हकिकत पत्नीला सांगितली. तिने एकच विचारले, "बनवतो कोण?"

मला उत्तर ठाऊक नव्हते. तिला होते. गुरुवारच्या महिलांच्या दर्समध्ये त्या तरुणाची पत्नी तिच्या शेजारी बसत असे. तिच्या बोटांची टोके फाटली होती. पान उलटतानाही ती हात आखडून घेत होती. घाईत दिलेले उत्तर चुकीचेच असते असे नाही, परंतु ते अपुरे असू शकते. माझे उत्तर तसे अपुरे होते. ते पूर्ण करण्यासाठी हा लेख.

प्रथम त्या उत्तरातील खरा भाग पाहू. इस्लामने पाकी आणि स्वच्छता सक्तीची केली, परंतु फेस आणि सुगंध सक्तीचे केले नाहीत. हजरत खौला बिन्त यसार (रजि.) यांच्याकडे एकच वस्त्र होते. मासिक पाळीचा डाग धुऊनही जात नसेल तर काय करावे, असे त्यांनी विचारले. आदरणीय प्रेषितांनी (स.) त्यांना समजावले की रक्त धुणे पुरेसे आहे, मागे उरलेल्या खुणेने काही बिघडत नाही. अबू दाऊद यांच्या संग्रहातील ही हदीस गरिबाच्या घराला केवढा दिलासा देते! टीव्हीवरील शुभ्रपणा ही शरीअतची अट नाही. हजरत उम्मे कैस (रजि.) यांनी याच डागाविषयी विचारले तेव्हा तो खरवडून पाण्याने व 'सिद्र'ने धुण्यास सांगण्यात आले. सिद्र म्हणजे आपल्या बोरीच्या कुळातील झाड. त्याच्या पानांत रिठ्याप्रमाणे फेस धरणारे द्रव्य असते. आजही मय्यतीच्या गुस्लसाठी आपण बोरीची पाने पाण्यात उकळतो, ती हीच सुन्नत. म्हणजे घराच्या परसातील झाडपाल्याने धुणे ही गरिबीची लाज नव्हे. अखेरच्या स्नानालाही तेच आपल्या वाट्याला येते.

दुसरीकडे, 'परवडत नाही' ही मळकट राहण्याची सबबही नव्हे. मळके कपडे घातलेल्या एका माणसाला पाहून, याला कपडे धुण्यासाठी काही मिळाले नाही काय, अशी नापसंती प्रेषितांनी (स.) व्यक्त केली होती. आणि स्वच्छ राहणे म्हणजे उधळणेही नव्हे. ते स्वतः एक मुद्द, म्हणजे सुमारे ओंजळभर मापाच्या पाण्यात वुजू करीत आणि एक साअ, म्हणजे चार मुद्द पाण्यात, कधी त्याहून किंचित अधिकात, गुस्ल करीत. सूरह फुरकानमध्ये रहमानच्या दासांचे जे वर्णन आले आहे, त्यात त्यांचा खर्च उधळपट्टी आणि कंजुषी यांच्या मधला असतो, असे सांगितले आहे. तेव्हा सोडा आणि साबण आणून घरी पावडर करणाऱ्या कुटुंबाला कोणी हसत असेल, तर हसणाऱ्याने आपले घर तपासावे.

मग माझे उत्तर अपुरे कोठे पडले? मी रक्कम ऐकली, हात पाहिले नाहीत.

त्या पावडरीत काय असते, हे मी नंतर विचारून घेतले. साबणाची वडी किसायची, तेवढाच धुण्याचा सोडा मिसळायचा. आमच्या मराठवाड्यात बोअरचे पाणी जड. त्यात नुसता साबण फेस धरत नाही, पांढरट साका होऊन कपड्याला चिकटतो. सोडा पाण्याचा जडपणा मोडतो, म्हणून तो लागतोच. परंतु हाच सोडा कातडीचे तेलही ओढून घेतो. यंत्रात कपडे धुणाऱ्याला ते जाणवत नाही. त्या घरी यंत्र नव्हते. किसणे, मिसळणे, घासणे, पिळणे हे सारे दोन उघड्या हातांनी चालले होते. तीनशे रुपये वाचले होते हे खरे. पण ते दुकानदाराकडून वाचले नव्हते, त्या हातांतून काढले गेले होते.

वाचक हो, येथे मला माझ्याच एका बयानाची आठवण झाली. रात्री झोपताना तेहतीस वेळा सुब्हानल्लाह, तेहतीस वेळा अल्हम्दुलिल्लाह आणि चौतीस वेळा अल्लाहु अकबर म्हणण्याची फजीलत मी मिंबरवरून कितीतरी वेळा सांगितली आहे. ही तस्बीह शिकवली गेली तो प्रसंग बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे, आणि त्याची सुरुवात हातांपासून होते. जात्याने हजरत फातिमा (रजि.) यांच्या हातांना त्रास होत होता, म्हणून त्या सेवक मागण्यासाठी पित्याकडे गेल्या होत्या. भेट झाली नाही. प्रेषित (स.) रात्री स्वतः त्यांच्या घरी आले, पती-पत्नीच्या मध्ये बसले आणि सेवकापेक्षा उत्तम अशी ही तस्बीह त्यांनी शिकवली. आपण तस्बीह लक्षात ठेवली. लेकीच्या हातांची तक्रार ऐकून पिता रात्री चालत तिच्या दारी आला, हे विसरलो. कष्ट करणारीला 'सब्र कर' एवढेच सांगून परतणारा माणूस या हदीसची अर्धीच बाजू अमलात आणतो.

हजरत आयशा (रजि.) यांना कोणी विचारले की प्रेषित (स.) घरी काय करीत असत. त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. फिक्हच्या ग्रंथांनीही हा विषय वाऱ्यावर सोडलेला नाही. फतावा-ए-आलमगिरीमध्ये पतीवरील नफक्याच्या प्रकरणात कंगवा, तेल, सिद्र आणि साबण अशा स्वच्छतेच्या वस्तूही त्या गावच्या रिवाजानुसार मोजल्या आहेत. म्हणजे साबण ही पतीने केलेली मेहरबानी नव्हे, ते त्याचे देणे आहे. आपले देणे कमी करून त्याला आपली काटकसर म्हणणे, हा हिशेब अल्लाहच्या दरबारात कसा मांडणार?

यावरून मला तीन प्रश्न सुचतात. घरात बचतीची कोणतीही युक्ती आणण्यापूर्वी ते स्वतःला विचारावेत.

पहिला प्रश्न, कष्ट कोणाचे? ज्याने बचतीचा निर्णय घेतला, त्यानेच श्रमाचा वाटा उचलला तर ती काटकसर. निर्णय एकाचा आणि कष्ट दुसऱ्याचे असतील, तर तेथे परवानगी, मदत आणि कृतज्ञता या तिन्ही गोष्टी हव्यात.

दुसरा प्रश्न, इजा कोणाला? कोणाला इजा करू नये आणि इजेच्या बदल्यात इजा करू नये, हा दीनचा पायाभूत नियम आहे. काही घरांत अ‍ॅसिड स्लरी व कॉस्टिक सोडा आणून पातळ साबण करतात. कॉस्टिक कातडी आणि डोळे जाळतो. तो नेहमी पाण्यात थोडाथोडा टाकावा, त्यावर पाणी ओतू नये. ज्या घरात लहान मुले रांगतात, तेथे तो न आणणेच बरे. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत असे द्रव कधीही भरू नये. तहानलेले मूल रंग पाहते, वास घेत नाही. ब्लीच आणि संडास धुण्याचे अ‍ॅसिड एकत्र केल्यास विषारी वायू निघतो. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र केल्यास धोका नाही, पण उपयोगही फारसा उरत नाही. दोघे एकमेकांची धार मारतात आणि आपण फसफसण्यालाच सफाई समजतो. धुण्याच्या सोड्याने अ‍ॅल्युमिनियमची भांडी काळवंडतात, लोकर आणि रेशीम खराब होते. आणि ज्यांच्याकडे भांडी धुण्याचे यंत्र आहे, त्यांनी त्यात असा फेसाळ साबण घालू नये. फेस यंत्राबाहेर येतो.

तिसरा प्रश्न, वाचलेले गेले कोठे? ते मुलीच्या वह्यांत, आईच्या औषधात, शेजाऱ्याच्या गरजेत गेले तर फेसाच्या प्रत्येक थेंबात बरकत आहे. ते पानटपरीवर गेले असेल, तर घरात काटकसर आणि बाहेर इस्राफ एवढाच त्याचा अर्थ.

काही भगिनी असा साबण करून विकतात. हलाल कमाईचा हा चांगला मार्ग आहे. मात्र नामांकित कंपनीच्या रिकाम्या बाटलीत तो भरून, लेबल तसेच ठेवून विकू नये. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आतील धान्य ओले निघाले. ओले धान्य वर ठेवायचे होते, म्हणजे लोकांना दिसले असते, अशी त्यांनी विक्रेत्याची कानउघाडणी केली आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाकारले. आपल्या बाटलीवर आपलेच नाव असावे. ते साध्या कागदावर पेनाने लिहिलेले असले तरी चालेल.

पुढच्या शुक्रवारी मी त्या तरुणाला गाठले आणि म्हणालो, "त्या दिवशीचं माझं उत्तर अर्धं होतं. उरलेलं घरी विचार." तो ओशाळला, थोडा नाराजही झाला. आठवड्याने स्वतःच येऊन त्याने सांगितले. पत्नीने पावडर बंद केली नव्हती. बाळाच्या कपड्यांसाठी तिला रिठेच हवे होते. रात्री तो मूठभर रिठ्याची टरफले लिटरभर पाण्यात भिजत घालतो, पहाटे मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे उकळतो, निवल्यावर कुस्करून फडक्याने गाळतो आणि मग रिक्षा काढतो. ते पाणी फार टिकत नाही, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी हे करावे लागते. भांड्यांसाठी दुकानातली वडी पुन्हा सुरू झाली. सोड्याच्या कामासाठी रबरी हातमोजे आले. "आता तीनशे नाही वाचत, मौलानासाहेब," तो म्हणाला, "शंभर-सव्वाशे वाचतात."

मी त्याला पुन्हा दुआ दिली. या वेळी दोघांचे नाव घेऊन दिली.

प्रिय वाचक, आज रात्री तस्बीह पढण्यापूर्वी आपल्या घरातील हात एकदा पाहून घ्या. आईचे, पत्नीचे, सुनेचे, धुणी-भांडी करणाऱ्या बाईचे. आपल्या हिशेबाच्या वहीत जी रक्कम शिल्लक दिसते, तिचा काही भाग तेथे लिहिलेला असू शकतो.

अल्लाह आपल्या घरांना पाकी देवो, खर्चात समतोल देवो आणि एकमेकांचे कष्ट ओळखण्याची दृष्टी देवो. आमीन.