तेल्याचा शनिवार

मे महिन्यात माथेरानला भरलेल्या एका चर्चासत्रात आमच्या एका विद्वान मित्रांनी तासभर भाषण केले. आम्ही दोघे वर्षानुवर्षे एकमेकांच्या लेखांचा समाचार घेत आलो आहोत, त्यामुळे नाव घेतले नाही तरी ज्यांना कळायचे त्यांना कळेलच. त्यांचे म्हणणे असे, की जगात धर्म दोनच. एक नियमांचा, दुसरा कृपेचा. ज्यू नियमांचे, ब्राह्मण नियमांचे, मौलवी नियमांचे. ख्रिस्ताने नियमशास्त्राचे ओझे उतरवले आणि कृपेने माणूस मोकळा झाला. आणि हे महाराष्ट्रात कुणी आधी ओळखले, तर पंडिता रमाबाईंनी. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत.

पौलाने गलतीकरांना काय लिहिले आणि ल्यूथरने त्यावरून युरोप कसा पेटवला, हे दिवाळी अंकाच्या वाचकाला नव्याने सांगायला नको. माणूस कर्मांनी नीतिमान ठरत नाही, विश्वासाने ठरतो; सूत्र एवढेच. त्याच ल्यूथरला याकोबाचे पत्र अडचणीचे वाटे, कारण कृतीवाचून विश्वास मेलेला आहे असे ते बजावते. गवताचे पत्र म्हणून त्याने त्याची संभावना केली. आमच्या मित्रांच्या भाषणातही याकोब आला नाही. पण त्यांनी रमाबाईंना साक्षीला बोलावले आहे, तेव्हा उलटतपासणी तिथूनच सुरू करू.

रमाबाईंना नियमांचा जाच माहीत होता, यात शंका नाही. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पत्नीला संस्कृत शिकवणारे, म्हणजे नियम मोडणारे गृहस्थ. पण व्रते, दाने, तीर्थस्नाने यांच्याबाबत पक्के सनातनी. 1870 नंतरच्या दुष्काळात हे कुटुंब उपाशीपोटी देशोदेशी फिरत राहिले. होते नव्हते ते ब्राह्मणांना वाटून टाकले, देव प्रसन्न होईल म्हणून अनुष्ठाने केली. अंगमेहनतीचे काम करायचे नाही, कारण ते कुळाला शोभत नाही. वडील गेले, काही आठवड्यांत आई गेली, मग थोरली बहीण. 1907 साली लिहिलेल्या साक्षीत रमाबाईंनी हे कोरड्या डोळ्यांनी नोंदवले आहे. शास्त्राबरहुकूम वागून माणसे मेली, हे ज्या मुलीने पाहिले तिला पौल समजायला भाष्यकार लागला नसणार. इथपर्यंत मित्रांचे बरोबर.

पुढे मात्र ते घाईत होते. रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. त्यानंतरच्या दोनतीन वर्षांत त्या कुणाशी भांडत होत्या? मनूशी भांडण होतेच, ते 1887 च्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’मध्ये आले. पण पत्रापत्री चालली होती ती सिस्टर जेराल्डीन यांच्याशी, म्हणजे ज्यांनी त्यांना धर्माची दीक्षा देऊन लेकीसारखे सांभाळले त्यांच्याशी. अथनेशियसचा मतांगीकार मला पटत नाही, बायबलमध्ये तो दाखवा, असे शिष्या विचारते. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असेही विचारते. चेल्टनहॅमला पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायची संधी चालून येते, तर मुंबईचे आणि लाहोरचे बिशप आडवे येतात: हिंदुस्थानात लोक काय म्हणतील? हे वाक्य रमाबाईंनी लहानपणापासून ऐकले होते, फक्त ते म्हणणाऱ्याच्या अंगावर झगा नसे. भारतातल्या पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारले आहे, आता त्याच जातीचे दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे त्यांनी 1885 च्या मे महिन्यात लिहून टाकले.

त्यातला अंड्याचा मामला तर मला फार आवडतो. रमाबाई शाकाहारी होत्या आणि जन्मभर तशाच राहिल्या. वाँटेजला पुडिंगमध्ये अंडे पडे आणि त्या ते खात नसत. जेराल्डीनबाईंना त्यात जातीचा अहंकार दिसला. बाप्तिस्म्यानंतरही सोवळे शिल्लक आहे म्हणायचे! रमाबाईंचे उत्तर मुद्देसूद आहे. एखादी इंग्रज बाई हिंदुस्थानात येऊन राहिली आणि कुणाला त्रास न देता आपल्याच रीतीने वागत राहिली, तर तिला गर्विष्ठ म्हटलेले तुम्हाला चालेल का? कृपेने मोकळ्या झालेल्या बाईने पुडिंग खाल्लेच पाहिजे, हा नियम कुठल्या शुभवर्तमानात आहे, ते जेराल्डीनबाईंनी सांगितले नाही. हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1977 साली प्रसिद्ध केला. सरकारी प्रकाशन असल्यामुळे तो फारसा कुणी वाचत नाही. आमच्या मित्रांनीही वाचलेला दिसत नाही.

आणि हे अंड्यावर थांबत नाही. गोव्यात इन्क्विझिशनने 1736 साली काढलेला हुकूम पाहा. बाटलेल्यांनी तुळस लावायची नाही, लग्नात हळद लावायची नाही, धोतर नेसायचे नाही, अशी ती यादी लांबत जाते. कृपेच्या धर्माला हळदीची एवढी भीती! आमच्या नगरकडच्या मिशनच्या घरात रविवारी पत्ते नाहीत, सिनेमा नाही, सुईसुद्धा हातात धरायची नाही, असा आजीचा दंडक होता. उपासनेला मात्र दर रविवारी कृपेवर प्रवचन. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनचा राजीनामा दिला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना एकाच पंगतीला बसवण्याचा तो बेत होता. त्यासाठी त्यांना मिशनबाहेर यावे लागले, यावरून मिशनच्या आत काय होते ते समजा.

एवढ्यावर लेख संपवता आला असता. सगळेच नियमवाले, कृपा बोलाची आणि कढी नियमांची, मित्रांची जिरली. पण माथेरानच्याच जिल्ह्यातला एक तेली मला पुढे सरकू देत नाही.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज गलबत फुटून लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, असे बेने इस्रायली ज्यू सांगतात. इतिहासकारांनी तारखेचा वाद खुशाल घालावा. निर्विवाद गोष्ट अशी, की कुलाब्याच्या गावोगावी ही माणसे तेलाचे घाणे चालवत राहिली, मराठी बोलू लागली, पेणकर, किहिमकर, दिवेकर, रोहेकर झाली. त्यांच्याजवळ ग्रंथ नव्हता, पुरोहित नव्हता, हिब्रू जवळजवळ विसरलेली. राहिले काय? सुंता, खाण्यापिण्याची काही पथ्ये, ‘शमा’ ही प्रार्थना आणि शनिवार. शनिवारी घाणा बंद. गावाने त्यांचे नाव ठेवले शनिवार तेली. शेजारी सोमवारी घाणा बंद ठेवणारे सोमवार तेली होतेच, त्यामुळे गावाला ह्यात काही वावगे वाटले नाही. हा महाराष्ट्राचा शहाणपणा, आणि त्याचे कौतुक आपण पुरेसे केलेले नाही.

आता मित्रांचे कोष्टक या तेल्याला लावून पाहा. हा तेली शनिवारी घाणा थांबवून देवाकडे पुण्य जमा करत होता? स्वर्गाचे भाडे भरत होता? ई. पी. सँडर्स या अभ्यासकाने 1977 मध्येच (रमाबाईंची पत्रे आली त्याच साली) पौलाच्या काळच्या ज्यू धर्मावर मोठा ग्रंथ लिहून दाखवून दिले, की नियम पाळून तारण कमवावे असे ज्यू मानतच नव्हते. देवाने आधी निवडले, करार केला. नियम त्या करारात राहण्यासाठी. म्हणजे कृपा आधीच झालेली आहे, शनिवार तिच्यामागून येतो. पापपुण्याचा हिशेब मांडणारा रुक्ष परूशी ख्रिस्ती उपदेशकांनी घडवला, कारण त्यांना उजेड दाखवायला काळोख लागत होता. सँडर्सशी पुढे पुष्कळांनी वाद घातले, पण तो जुना परूशी काही पुन्हा उभा राहिला नाही. आमच्या मित्रांच्या भाषणात मात्र तो ठणठणीत होता.

शिवाय ती आज्ञा आहे तरी काय? निर्गमच्या विसाव्या अध्यायात सातव्या दिवशी काम न करणाऱ्यांची यादी आहे. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरेढोरे, तुझ्या वेशीच्या आतला परका. मालकाला विसावा घ्यायला आज्ञा लागत नाही, तो कधीही आडवा होतो. आज्ञा लागते ती दासासाठी, दासीसाठी, घाण्याच्या बैलासाठी. ‘मालक दयाळू आहे’ यावर त्यांचा विसावा सोडला, तर दया येईल तेव्हा येईल. कुलाब्यातल्या त्या घाण्यावरचा बैल आठवड्यातून एक दिवस गोल फिरत नसे, आणि त्यासाठी त्याला मालकाचे आभार मानावे लागत नसत. नियमशास्त्राचे ओझे म्हणतात ते बैलाच्या मानेवरून पाहिले तर उलटेच दिसते.

इथे माझीही गाडी रूळ बदलते. रमाबाईंना जाचला तो नियम म्हणून नियम होता, की तो हातात धरून बसलेली माणसे? पुराव्याला पुन्हा तेच शनिवार तेली घ्या. 1948 नंतर ते इस्रायलला गेले आणि 1962 मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढले, की बेने इस्रायलींच्या लग्नाआधी त्यांच्या मागच्या पिढ्या तपासाव्यात. ग्रंथावाचून, पुरोहितावाचून ज्यांनी शनिवार सांभाळला, त्यांना ग्रंथवाल्या पुरोहितांनी शुद्धतेचा दाखला मागितला. त्यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, संसद त्यांच्या बाजूने उभी राहिली आणि 1964 मध्ये ते फर्मान मागे घ्यावे लागले. एकाच नियमशास्त्राने बैलाला सुट्टी दिली आणि तेल्याच्या नातीचे लग्न अडवले. पौलाला यातले कोणते नियमशास्त्र नको होते, हे मित्रांनी पुढच्या भाषणात सांगावे. माझ्या मते दुसरे. सुंतेचा दाखला मागणाऱ्यांवर तो संतापला आहे. बैलाच्या सुट्टीबद्दल त्याची तक्रार नव्हती. उलट मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नको, हा मोशेचा नियम तो करिंथकरांना मोठ्या हौसेने ऐकवतो. ऐकवतो अर्थात प्रचारकांच्या पोटापाण्याची बाजू मांडण्यासाठी. बैलाला त्यात विशेष रस नसावा.

राहता राहिले माथेरान. मित्रांनी भाषण केले तो दिवस शनिवार होता. दस्तुरीला गाड्या थांबतात, पुढे मोटारीला बंदी. हा नियम उत्तम आहे, त्यानेच हे आठशे मीटर उंचीवरचे जंगल वाचले. 2003 मध्ये केंद्राने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला तोही याच समजुतीने. पण मोटार नाही म्हणून माणसाला माणूस ओढत होता. लाल मातीच्या चढावर एक जण पुढे दांड्यात जुंपलेला, मागून दुसरे ढकलणारे, आत पर्यटक आणि त्याच्या बॅगा. आणि सगळ्यांत जास्त ओढायचे कधी, तर शनिवारी आणि रविवारी. शब्बाथ आणि प्रभूचा दिवस, दोन्ही धर्मांचे विसाव्याचे दिवस मुंबईकरांनी माथेरानला येऊन साजरे करायचे आणि ते दुसऱ्याच्या छातीवर. आमच्या मित्रांचे गुडघे दुखतात, तेही हातरिक्षानेच आले. त्याबद्दल मी त्यांना बोल लावत नाही, दुसरे साधन तरी काय होते? उतरताना त्यांनी ठरल्या भाड्यावर पन्नास रुपये जास्त दिले आणि “प्रभूची कृपा तुमच्यावर राहो” म्हणाले. रिक्षावाल्याने नोट कपाळाला लावली. घामाने ती तिथेच चिकटली, मग त्याने सोडवून खिशात टाकली आणि दुसरे गिऱ्हाईक पाहायला वळला.

6 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ही प्रथा अमानवी आहे, सहा महिन्यांत बंद करा, आणि ओढणाऱ्यांना उपाशी न टाकता गुजरातेतल्या केवडियाच्या धर्तीवर ई-रिक्षांची योजना आणा. खंडपीठावर सरन्यायाधीश भूषण गवई होते. निकालात कृपेचा उल्लेख नाही. संविधानाने दिलेल्या सामाजिक आणि आर्थिक न्यायाच्या हमीचा आहे. पंजाबातल्या रिक्षावाल्यांना रिक्षेची मालकी मिळावी म्हणून 1980 मध्ये याच न्यायालयाने दिलेल्या निकालाचाही आहे. पंचेचाळीस वर्षांनी माथेरानची पाळी आली, हा उशीर क्षम्य नाही. पण पन्नासची नोट कपाळाला लावणाऱ्या माणसाला उद्या आपली गाडी आपल्या हक्काने चालवता आली, तर कुणाचा आशीर्वाद घ्यायला त्याला वाकावे लागणार नाही.

बाबासाहेबांनी 1936 मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नियम आणि तत्त्व यांत भेद केला. नियमांचा धर्म हा खरा धर्मच नव्हे, धर्म तत्त्वांचा असावा, हे त्यांचे म्हणणे ऐकून पौलाचे अनुयायी खूश होतात. आमच्या मित्रांनीही ते भाषणात वापरले. पुढची गोष्ट त्यांनी सोडली. ज्याने 25 डिसेंबर 1927 रोजी, म्हणजे नाताळच्या दिवशी, याच जिल्ह्यातल्या महाडला मनुस्मृती जाळली, त्याच माणसाने पुढे देशाचे संविधान बांधले, कलमाला कलम लावून. उपकाराने मिळालेले पाणी त्यांना नको होते. चवदार तळे हक्काने हवे होते. रमाबाईंना हे समजले असते. कृपेने भारावलेल्या त्या बाईने केडगावच्या आपल्या आश्रमात मुलींना आधी काम शिकवले, छापखानाही मुलींच्याच हातांनी चालवला. उपाशी कुटुंबाला ‘श्रम शोभत नाहीत’ म्हणणारा नियम त्यांनी मोडला आणि त्या जागी स्वतःचा घातला.

मित्रांना माझे एक काम आहे. पुढचे सत्र पुन्हा माथेरानलाच घेणार असतील, तर निर्गमची ती यादी त्यांनी दस्तुरी नाक्यावर उभे राहून वाचावी. त्यात गुरेढोरेही आहेत. न्यायालयाने माणसाचे ओझे उतरवायला सांगितले, घोड्याचे अजून तसेच आहे. शनिवारी सकाळपासून अंधार पडेपर्यंत त्याच्या पाठीवरचे खोगीर उतरत नाही. अश्वपालांना ई-रिक्षांनी पोटावर पाय येईल अशी भीती आहे, आणि ती खोटी नाही. घोडेवाल्याची चूल पेटती ठेवून घोड्याला आठवड्याची एक सुट्टी कशी द्यायची, रोजगाराची भरपाई कुणी करायची, नगरपालिकेने की पर्यटकाकडून दस्तुरीला घेतल्या जाणाऱ्या प्रवेशकरातून, याचा मसुदा कुणीतरी लिहायला हवा. मी लिहायला बसतो. मित्रांनी त्यात दुरुस्त्या सुचवाव्यात; याकोबाच्या पत्रासकट.