सही नसलेलं बदक

बदकांच्या सर्वांत गाजलेल्या गोष्टीचा नायक बदक नाहीच. हान्स ख्रिश्चन अँडरसनने १८४३ साली डेन्मार्कमध्ये लिहिलेली ती गोष्ट आपल्याकडे गदिमांच्या शब्दांतून आणि आशा भोसले यांच्या आवाजातून घराघरांत पोहोचली. सगळ्यांनी हिणवलेलं पिल्लू शेवटी राजहंस निघतं आणि त्याचं दुःख संपतं. गोष्ट सुंदर आहे, पण तिचा निवाडा कठोर आहे. पिल्लाची सुटका झाली, कारण ते मुळात बदक नव्हतंच. जी पिल्लं खरोखर बदकंच होती, त्यांचं पुढे काय झालं, याबद्दल गोष्ट गप्प राहते.

विसाव्या शतकाने या मागे राहिलेल्या बदकाला नायक केलं. ९ जून १९३४ ही डोनाल्ड डकची जन्मतारीख मानली जाते. त्या दिवशी वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओचा ‘द वाइज लिटल हेन’ हा लघुपट आला. त्यात एक कोंबडी मका पेरायला मदत मागते आणि खलाशाचा सदरा घातलेलं हे बदक पोट दुखल्याचं सोंग करून अंग काढून घेतं. त्या वेळी मिकी माउस मुलांचा आदर्श झाला होता. आदर्शाला चिडता येत नाही, खोटं बोलता येत नाही, हरल्यावर आदळआपट करता येत नाही. हे सगळं डोनाल्डच्या वाट्याला आलं. क्लॅरन्स नॅश या कलावंताने आपल्या घशातून काढलेला तो अर्धवट कळणारा, फाटका आवाज १९८५ साली स्वतःच्या मृत्यूपर्यंत त्याला दिला. बोलणं नीट पोहोचत नाही म्हणून जास्तच चिडणारा हा प्राणी जगाला विलक्षण जवळचा वाटला. अमेरिकेच्या अर्थखात्याला १९४२ साली लोकांना प्राप्तिकर वेळेवर भरायला सांगायचं होतं. त्यासाठी बनलेल्या लघुपटात करदाता झाला तो डोनाल्डच.

डोनाल्ड कधीच राजहंस होत नाही. नोकरी मिळवतो, गमावतो, पुन्हा मिळवतो. सामान्य माणसाला त्याच्या सामान्यपणासकट नायक होता येतं, ही आधुनिक काळाने मान्य केलेली गोष्ट या बदकाने मुलांपर्यंत पोहोचवली. पण ही ओळख पडद्यावर जेमतेम रेखाटली गेली होती. तिला घर, गाव, नातीगोती आणि आठवणी दिल्या त्या एका अशा माणसाने, ज्याचं नाव त्याच्या वाचकांना दोन दशकं माहीत नव्हतं. आणि मला बोलायचं आहे ते या न छापलेल्या नावाबद्दल.

कार्ल बार्क्स यांचा जन्म १९०१ साली अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात मेरिल गावाजवळ झाला. शेती, गुरं राखणं, रेल्वेच्या कारखान्यातली मजुरी अशी अनेक कामं करून, ऐकू कमी येत असताना, ते १९३५ साली डिस्ने स्टुडिओत लागले. १९४२ साली नोकरी सोडून कॅलिफोर्नियात कोंबड्या पाळायच्या बेताने निघून गेले. त्याच सुमारास वेस्टर्न पब्लिशिंग या प्रकाशन संस्थेला डिस्नेच्या पात्रांवर चित्रकथा हव्या होत्या. बार्क्स घरी बसून लिहू आणि काढू लागले. १९६६ साली निवृत्त होईपर्यंत त्यांच्या सुमारे ५०० कथा आणि ६,०००हून अधिक पानं झाली.

डकबर्ग हे शहर त्यांचं. कधीच न हरणारा, नशिबाच्या जोरावर जगणारा ग्लॅडस्टोन त्यांचा. डोक्यात सतत काहीतरी शोध शिजत असलेला जायरो गिअरलूस त्यांचा. आणि डिसेंबर १९४७च्या एका नाताळकथेत आलेला कंजूष, एकाकी म्हातारा स्क्रूज मॅकडक हाही त्यांचाच. डोनाल्ड हा ह्यूई, ड्यूई, लूई या तिघांचा मामा आणि स्क्रूज हा डोनाल्डचा मामा, अशी ही मामा-भाच्यांची दुहेरी साखळी. तिच्यातून बार्क्स यांनी पैसा, कष्ट, लोभ आणि कुटुंब यांचा विचार मुलांसमोर मांडला.

१९५१ सालच्या एका कथेत वावटळीने स्क्रूजची सगळी दौलत उडून गावभर पसरते. सगळे एका दिवसात श्रीमंत होतात आणि कामं सोडतात. स्क्रूज मात्र भाच्यांना घेऊन शेत पिकवत राहतो. लवकरच गावात खायला काही उरत नाही आणि जो तो स्क्रूज सांगेल त्या भावाला भाजी विकत घेतो. दौलत पुन्हा त्याच्या कोठीत जमा होते. या कथेचं अर्थशास्त्र मला पटत नाही. वाटप झालं की माणसं आळशी होतात, हा श्रीमंतांचा फार जुना युक्तिवाद आहे. पण दहा पानांच्या चित्रकथेत श्रम आणि पैसा यांच्या नात्याचा असा थेट प्रश्न मुलांना कुणी विचारला होता? १९५४च्या दुसऱ्या कथेत पैशाला कंटाळलेला स्क्रूज हिमालयापलीकडच्या, पैसा ठाऊक नसलेल्या दरीत जातो. त्याच्या औषधाच्या बाटलीचं एक झाकण तिथल्या माणसाला सापडतं आणि पाहता पाहता झाकणं हेच तिथलं चलन होतं. पहिल्या कथेत मालकाची बाजू घेणारा लेखक इथे मालकाच्या सहवासानेच निरोगी समाज नासल्याचं दाखवतो.

१९४९ची अँडीज पर्वतातली कथा तर त्याहून तीक्ष्ण आहे. धुक्यात हरवलेल्या एका गावात सगळं चौकोनी आहे, अंडीसुद्धा. तिथले लोक अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या ढंगाचं इंग्रजी बोलतात, कारण पूर्वी अलाबामातून आलेल्या एका प्राध्यापकाने त्यांना तेच शिकवलं. बाहेरून आलेल्या पहिल्या माणसाची भाषा आणि गाणी त्यांनी जशीच्या तशी उचलली. दूरच्या समाजाशी अमेरिकेचं नातं कसं असतं, याचं हे चित्र कुठल्याही राज्यशास्त्राच्या पुस्तकात शोभेल. बार्क्स स्वतः त्या प्रदेशांत कधी गेले नव्हते. ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकाचे अंक समोर ठेवून ते दूरदेश उभे करत.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला या कथा छापणाऱ्या मासिकाचा खप दरमहा सुमारे ३० लाखांपर्यंत गेला होता. त्यावर नाव असे एकच, वॉल्ट डिस्ने. बार्क्स यांना पानामागे ठरलेला मोबदला मिळे. खपातला वाटा नाही, पात्रांवर हक्क नाही, सही नाही. पण मुलांचे डोळे फसले नाहीत. वेगवेगळ्या गावांतली मुलं, एकमेकांना न ओळखता, एका विशिष्ट हाताच्या गोष्टी वेचून काढू लागली. नाव माहीत नसल्याने त्याला ‘बदकं चांगली काढणारा चित्रकार’ म्हणू लागली. १९६० साली एका तरुण वाचकाने पाठपुरावा करून पत्ता मिळवला आणि पत्र पाठवलं. ते वाचून बार्क्स यांना वाटलं, कुणी मित्र चेष्टा करतो आहे. लाखो वाचकांच्या लेखकाला पहिलं कौतुक खरं वाटू नये, ही त्या व्यवस्थेची कमाई.

या नाव नसण्याची किंमत फक्त बार्क्स यांनी मोजली नाही. ती टीकाकारांनीही मोजली. १९७१ साली, साल्वादोर अयेंदे यांच्या समाजवादी सरकारच्या काळात, आरिएल दोर्फमन आणि आर्मां मातलार यांनी चिलीमध्ये डोनाल्ड डकवर एक गाजलेलं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं: डकबर्गमध्ये आईबाप नाहीत, फक्त मामा-काका आहेत. तिथे संपत्ती आहे, पण ती निर्माण करणारा कामगार दिसत नाही. दूरदेशीचे रहिवासी भोळ्या मुलांसारखे रंगवलेले असतात, आपला खजिना पाहुण्याच्या हवाली करतात. अशा गोष्टींतून गरीब देशांतल्या मुलांच्या मनात मालकाची नजर रुजते. १९७३च्या लष्करी उठावानंतर या पुस्तकाच्या प्रती जाळल्या गेल्या. १९७५ साली इंग्रजी अनुवादाच्या प्रती अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने अडवून धरल्या आणि मग सोडल्या. बदकावरच्या पुस्तकाची सत्तेने एवढी धास्ती घ्यावी, यातच त्या विश्लेषणाची ताकद दिसते.

माझ्या मते त्यांचं निदान बरंचसं खरं होतं, पण पत्ता चुकला होता. त्यांनी वाचलेल्या अंकांमध्ये बार्क्स यांच्या कथांचे अनुवाद होते आणि इतर अनेक हातांनी केलेलं कामही होतं. सगळ्यांवर एकच नाव छापलेलं असल्याने त्यांनी ते सगळं एकाच मनाचं बोलणं मानलं. एक कथा साम्राज्याचं कौतुक करते आणि दुसरी त्याचं बिंग फोडते, हा फरक टिपायचा तर ती कुणी लिहिली हे माहीत असावं लागतं. बार्क्स यांच्या कथांतही दूरदेशीच्या लोकांची हिणकस व्यंगचित्रं आहेत. त्याचा जाबही त्यांनाच विचारायला हवा होता. नाव झाकलं की श्रेय जातं, तशी जबाबदारीही जाते. डकबर्गमध्ये कामगार दिसत नाही, ही तक्रार तर आणखी खोल जाते. तो कामगार पानावर नव्हता, पण पानाबाहेर होता. कॅलिफोर्नियातल्या एका टेबलापाशी बसून तो ते पान काढत होता.

हा प्रश्न एका माणसाचा नव्हता. १९४१ साली डिस्ने स्टुडिओतल्या चित्रकारांनी संप केला, तेव्हा पगार आणि संघटनेच्या मान्यतेइतकीच पडद्यावर नाव येण्याची मागणीही होती. १९७३ साली स्टीव्ह गर्बर यांनी चित्रकार वॅल मेयरिक यांच्यासह मार्व्हलमध्ये हॉवर्ड हे बदक जन्माला घातलं. आपलं जग सुटून माणसांच्या जगात अडकलेलं ते वैतागलेलं बदक. पुढे त्याच्या मालकीसाठी गर्बर यांना कोर्टात जावं लागलं. त्या खर्चासाठी त्यांनी १९८२ साली एक नवी बदककथा काढली आणि जॅक कर्बी यांच्यासारख्या दिग्गजाने तिची चित्रं मोबदला न घेता काढून दिली. आणि या सगळ्याचं सर्वांत नेमकं रूप १९५३च्या ‘डक अमक’ या सात मिनिटांच्या चित्रपटात आहे. चक जोन्स यांच्या या चित्रपटात डॅफी डकची पार्श्वभूमी पुसली जाते, आवाज हिरावला जातो, शरीर बदललं जातं. तो पडद्याबाहेरच्या पेन्सिलीवर ओरडतो, विनवतो आणि शेवटी हे करणारा आहे तरी कोण, असा जाब विचारतो. एका बदकाने जगातला प्रत्येक वाचक विचारू शकेल असा प्रश्न विचारला आहे.

यावर एक उत्तर दिलं जातं. कला ही पुष्कळदा अनामच असते. आपल्या जात्यावरच्या ओव्या कुणी रचल्या हे कुठे ठाऊक आहे? हा मुद्दा गंभीर आहे, म्हणून त्याचं उत्तरही नीट द्यायला हवं. ओवीला रचणारीचं नाव नाही, पण तिला मालकही नाही. जिला हवी तिने गावी, तिच्यात आपली ओळ घालावी, लेकीला द्यावी. डकबर्गला मालक आहे, त्याच्या हक्कांचे करार आहेत, नफा आहे. निवृत्तीनंतर बार्क्स यांना स्वतः घडवलेल्या बदकांची तैलचित्रं काढायची होती, तर १९७१ साली त्यांना कंपनीची परवानगी घ्यावी लागली. जिथे मालकाचं नाव मोठ्या अक्षरात आहे आणि फक्त करणाऱ्याचं नाव गायब आहे, तिथे अनामिकता ही परंपरा राहत नाही. तो अन्याय असतो.

तो दूर करण्याचं काम वाचकांनी केलं, हे मला या इतिहासातलं सर्वांत आश्वासक वाटतं. जर्मनीत १९७७ साली डोनाल्डच्या अभ्यासकांची संघटना उभी राहिली. फिनलंड, डेन्मार्क, इटली या देशांत बदकांच्या कथा मोठी माणसंही गंभीरपणे वाचतात आणि आज तिथल्या अंकांत लेखक-चित्रकारांची नावं छापली जातात. अमेरिकेतल्या केंटकीचे डॉन रोझा यांनी १९९२ ते १९९४ या काळात बार्क्स यांच्या कथांतले विखुरलेले तपशील जुळवून स्क्रूजचं १२ प्रकरणांचं चरित्र रचलं. आपल्या कथांच्या पहिल्या चित्रात ते बार्क्स यांना अर्पण केलेली चार अक्षरं गवतात, दगडांत, कपड्यांच्या चुण्यांत लपवत, कारण ती उघड लिहिली तर सही समजून काढून टाकली जात. १९८७ साली अमेरिकन चित्रकथांच्या आयझ्नर सन्मान-दालनात पहिल्याच वर्षी बार्क्स यांचा समावेश झाला. १९९४ साली, ९३व्या वर्षी, ते युरोपात गेले तेव्हा वाचकांनी त्यांचं मोठं स्वागत केलं. २००० साली ते गेले तेव्हा त्यांचं नाव जगाला माहीत होतं.

१९९०च्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर हिंदीतून ‘डकटेल्स’ पाहिलेल्या मराठी पिढीला स्क्रूज आणि ते तीन भाचे आठवतात. त्या मालिकेतल्या कित्येक गोष्टी बार्क्स यांच्या होत्या, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत होतं. आपल्या दिवाळी अंकांनी मात्र एक चांगला संस्कार जपला आहे. मुखपृष्ठ कुणाचं, सजावट कुणाची, व्यंगचित्रं कुणाची, हे अनुक्रमणिकेजवळ छापलेलं असतं. दीनानाथ दलालांची सही मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात ओळखणारे वाचक घरोघरी होते. हा संस्कार मुलांच्या पुस्तकांपर्यंत, त्यांच्या हातातल्या मोबाइलवरच्या चित्रफितींपर्यंत आपण नेला पाहिजे. मुलाने एखादं पात्र आवडलं म्हणून सांगितलं, तर ते कुणी काढलं, कुणी लिहिलं, कुणी त्याला आवाज दिला, हे त्याच्याबरोबर शोधावं. ज्या मुलाला लहानपणीच कळतं की आनंदामागे एक काम करणारा माणूस असतो आणि त्याला नाव असतं, ते मूल मोठेपणी कुणाच्याही श्रमावर दुसऱ्याची सही सहजासहजी चालू देणार नाही.