नाग, साप आणि आपली जीभ



आपण नागपूरकर दिवसातून कितीतरी वेळा नागाचे नाव घेतो. शहर नागपूर, शहरातून वाहणारी नदी नाग. शेजारी एखादे नागोराव असतात. विड्याचे पान नागवेलीचे, घाटातला रस्ता नागमोडी. अंगावर पट्ट्यासारखे फोड येऊन आग होऊ लागली की आपण म्हणतो, नागीण झाली. आयुर्वेदात नाग म्हणजे शिसे, संस्कृतात हत्तीसुद्धा. नागपंचमीला आपल्या हिंदू भगिनी नागाला भाऊ मानतात.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. नागपूरच का, याचे उत्तर त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात दिले. बौद्ध धर्माचा प्रसार नाग लोकांनी केला, असे ते म्हणाले. पिढ्यान्‌पिढ्या हिणवल्या गेलेल्या समाजाला या एका शब्दातून अभिमानाचा वारसा मिळाला.

पवित्र शास्त्रातही सापाचा एकच अर्थ नाही. एदेन बागेत तो फसवणारा आहे. अरण्यात इस्राएल लोकांनी देवाविरुद्ध आणि मोशेविरुद्ध कुरकुर केली, तेव्हा विषारी साप त्यांना डसले. हे पाप जिभेचे होते, हे लक्षात घ्यावे. मग देवाच्याच आज्ञेने मोशेने पितळेचा साप उंच केला आणि त्याकडे पाहणारे वाचले. पुढे लोक त्याच सापापुढे धूप जाळू लागले, म्हणून हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. आणि प्रभू येशूने आपल्या क्रूसाची खूण म्हणून निकदेमाला तोच साप सांगितला. शिष्यांना तर प्रभूने सापासारखे चतुर आणि कबुतरासारखे निष्कपट होण्यास सांगितले.

म्हणजे शब्द स्वतः विषारी नसतो. तो कोण, कोणासाठी आणि कशासाठी वापरतो, यावर सारे अवलंबून असते. मग माणसाला साप म्हणावे का?

कोणी म्हणेल, प्रभूनेच परूश्यांना सापाची पिले म्हटले नाही का? होय, म्हटले. पण तोंडावर म्हटले, अधिकार गाजवणाऱ्यांना म्हटले. योहान बाप्तिस्मा देणाऱ्यानेही तो शब्द वापरला, पण त्याच दमात पश्चात्तापाचे फळ मागितले. त्यामागे परतीचा दरवाजा उघडा होता. आपण मात्र हा शब्द पाठीमागे वापरतो. ‘तिच्यापासून जपून रहा, अस्तनीतला साप आहे’, एवढे एक वाक्य मिस्सानंतर चर्चच्या आवारात बोलले जाते. ऐकणारा ते घरी नेतो, घरातून ते दुसऱ्या घरी जाते. ज्या भगिनीबद्दल ते बोलले गेले, तिला काही कळत नाही. फक्त पुढच्या रविवारी तिच्या शेजारची जागा रिकामी राहते. खरा साप पाय पडल्याशिवाय सहसा चावत नाही. आपल्या जिभेला तेवढेही निमित्त लागत नाही.

आपल्या सदरच्या कॅथेड्रलचे आश्रयदाते संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भक्तिपर ग्रंथात निंदकाच्या जिभेला सापाच्या दुभंगलेल्या जिभेची उपमा दिली आहे. तिचे एक टोक ऐकणाऱ्याच्या कानात विष घालते, दुसरे गैरहजर माणसाच्या नावाला डसते. म्हणजे निंदा ऐकून घेणाराही त्यातून सुटत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण येथे स्पष्ट आहे. प्रायश्चित्त संस्कारात पापाची क्षमा मिळते, पण दुसऱ्याचे घालवलेले नाव शक्य तितके परत मिळवून देण्याचे कर्तव्य आपल्यावर उरतेच. ज्या कानात विष घातले, त्या कानापर्यंत चांगला शब्द घेऊन आपणच गेले पाहिजे. हे कठीण आहे, लाज वाटते. पण उंच केलेल्या क्रूसाकडे पाहून ते साधते.

या आठवड्यात आपण निदान एका माणसाचे नाव असे निर्मळ करू या. प्रभू आपल्या जिभेला आशीर्वाद देवो.