इयादत : रुग्णाचा हक्क

रुग्णालयाच्या खाटेवर पडलेल्या माणसाला केवळ आजारच छळतो असे नाही. बुडालेली मजुरी, घरी राहिलेली मुले, वाढत जाणारे बिल आणि उद्याच्या तपासणीची धास्ती, या चिंता त्याची झोप हिरावून घेतात. औषध शरीरावर चालते. मनावरचे हे ओझे मात्र माणसांनाच वाटून घ्यावे लागते. म्हणूनच इस्लामने इयादत, म्हणजे रुग्णाची विचारपूस, हे निव्वळ सौजन्य मानले नाही. एका मुस्लिमाचे दुसऱ्या मुस्लिमावर जे हक्क हदीसमध्ये सांगितले आहेत, त्यांत तिचा समावेश आहे.

वाचकहो, हक्क जर रुग्णाचा आहे, तर आपली भेट कशी झाली हे आपल्या समाधानावरून ठरणार नाही. त्याचे ओझे किती हलके झाले यावरून ठरेल.

हिजरी सन 10 मध्ये, अखेरच्या हजच्या वेळी, माननीय सअद बिन अबी वक्कास (रजि.) मक्केत गंभीर आजारी पडले. प्रेषित मुहम्मद (स.) त्यांच्या भेटीस गेले. सअद (रजि.) यांना चिंता होती ती संपत्तीची आणि एकुलत्या एक मुलीची. दोन तृतीयांश संपत्ती दान करू का, असे त्यांनी विचारले. प्रेषितांनी (स.) विषय टाळला नाही. एक तृतीयांशही पुष्कळ आहे, वारसांना सुस्थितीत ठेवणे उत्तम, असे समजावले. त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि दुआ केली.

आता आपल्या भेटी आठवून पाहा. दहा जण खाटेभोवती उभे राहतात, रिपोर्टवर तर्क लढवतात, त्याच आजाराने कोण दगावले तेही सांगतात. एवढ्या गर्दीत रुग्ण एकटाच राहतो. त्यापेक्षा एकाने रात्री सोबत थांबावे, एकाने डबा पोहोचवावा, एकाने मुलांकडे पाहावे, एकाने बिलाचा भार उचलावा. बाकीच्यांनी थोडा वेळ बसावे, त्याचे ऐकावे, दुआ करून उठावे.

आणि शेजारच्या खाटेवर, जिथे कोणीच फिरकत नाही, तिथे? प्रेषितांची (स.) सेवा करणारा एक यहुदी मुलगा आजारी पडला, तेव्हा ते स्वतः जाऊन त्याच्या उशाशी बसले होते.

हदीसमध्ये आहे की, कयामतच्या दिवशी अल्लाह दासाला रुग्णाच्या इयादतीविषयी विचारील आणि सांगेल की, तू गेला असतास तर मी तुला त्याच्यापाशीच भेटलो असतो. त्या प्रश्नाचे उत्तर आजच, त्या खाटेपाशी, तयार करण्याची सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.