मेंढपाळाची मोजणी

जिवंत माणसांपैकी किती जण मरतील याचा हिशेब आधीच मांडून ठेवणे नीतीला धरून आहे काय? प्रश्न अमंगळ वाटतो खरा. परंतु 2020 साली तो साऱ्या जगापुढे उभा राहिला.

त्या वर्षी 16 मार्च रोजी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील संशोधकांनी कोरोनाच्या साथीविषयी एक अंदाज प्रसिद्ध केला. काहीच उपाय न योजल्यास ग्रेट ब्रिटनमध्ये सुमारे 5 लाख 10 हजार माणसे दगावतील, असे त्यात म्हटले होते. ऐंशी वर्षांवरील शंभर बाधितांमागे नऊ मृत्यू त्यांनी गृहीत धरले होते. धोका कोणाला आहे, हे तेव्हाच स्पष्ट होते. तरीही इंग्लंडमधील रुग्णालयांनी खाटा रिकाम्या करण्यासाठी महिनाभरात सुमारे 25 हजार रुग्णांना वृद्धाश्रमांत धाडले, त्यांतील अनेकांना चाचणीवाचून. लक्षणे न दिसणाऱ्या बाधितांपासून वृद्धांना असलेला धोका विचारात घेतला नाही, म्हणून 2022 साली तेथील उच्च न्यायालयाने हे धोरण बेकायदा ठरविले.

असा अंदाज तीन गोष्टींवर उभा असतो : आश्रमात राहणारे किती, त्यांपैकी लागण किती जणांना होईल आणि लागण झालेल्यांतून किती दगावतील. पहिला आकडा ठरलेला असतो. तिसरा बव्हंशी वय व दुबळेपणा यांवर अवलंबून असतो. दुसरा मात्र आपल्या हाती असतो. एकच सेविका चार खोल्यांतील वृद्धांना भरवते, न्हाऊ घालते. तिची चाचणी झाली, तिला मुखपट्टी मिळाली, तर तो आकडा उतरतो. म्हणून अंदाज बांधणे हे पाप नव्हे. आकडा हाती आल्यावर 'वय झालेच होते, आज ना उद्या जाणारच होते,' असे म्हणून स्वस्थ बसणे, हे पाप होय. कर्तव्यात केलेली कसूर हेही पापच, हे आपण मिस्साबलीच्या आरंभी कबूल करतो.

योना संदेष्ट्याने निनवेच्या नाशाची घोषणा केली. लोकांनी पश्चात्ताप केला, नगर वाचले आणि आपले भाकीत खोटे ठरले म्हणून योना रुसला. परमेश्वराला मात्र ते खोटे ठरण्यातच आनंद होता. मृत्यूचा प्रामाणिक अंदाजही खोटा ठरावा याचसाठी मांडायचा असतो.

शुभवर्तमानातील मेंढपाळाला शंभरांतील एक मेंढरू हरवल्याचे कळले, ते तो मोजत होता म्हणून. व्यापारीही मोजतो, पण नफ्यातोट्यासाठी. मेंढपाळ मोजतो तो शोधायला निघण्यासाठी.

आपल्या धर्मग्रामात मुले परदेशी गेलेली आणि वृद्ध आईवडील एकटे राहिलेली घरे किती आहेत? चौथी आज्ञा आपण तोंडपाठ म्हणतो. ही मोजणी आपण कधी केली आहे काय?