काहीही चालेल

साल्मियातल्या आमच्या इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर, एक मराठी कुटुंब राहतं. त्यांची मुलगी अकरावीत आहे. येत्या सुट्टीत ती फ्रेंच शिकायला दोन आठवडे फ्रान्समधल्या एका कुटुंबात राहणार आहे. पुढे त्या घरची तिच्याच वयाची मुलगी कुवेतला यांच्याकडे येईल. मी पीएचडी ग्रनोबलला केली, म्हणून तयारीचं काम माझ्याकडे आलं. महिनाभर दर शुक्रवारी सकाळी ती वही घेऊन खाली येते आणि मला मावशी म्हणते.

सोपं ते आधी उरकलं. घरातल्या मोठ्यांना 'व्हू' म्हणायचं, म्हणजे आपलं 'तुम्ही'. त्यांनीच सांगितलं तर 'त्यू'वर यायचं. दुकानात शिरताना आधी 'बोंज्यूर', मग काय हवं ते. पाव ताटात न ठेवता ताटाशेजारी टेबलावर ठेवला तरी चालतो. हे तिने पटापट लिहून घेतलं. अडलो ते एका फॉर्मपाशी.

यजमान कुटुंबासाठीचा तो दोन पानी फॉर्म. काय खात नाहीस? कशाची भीती वाटते? घरी कोणते नियम पाळता? तिने तिन्ही प्रश्नांपुढे एकच उत्तर लिहिलं होतं : सगळं चालेल. ही मुलगी गाईचं आणि डुकराचं मांस खात नाही. कुत्रा दिसला की रस्ता बदलते. त्या घरात दोन कुत्रे आहेत. मी विचारलं तेव्हा तिची आई म्हणाली, "अहो, लोकांच्या घरी जायचं तर आपली यादी घेऊन जाऊ नये."

मी लगेच काही बोलले नाही, कारण एके काळी मीही हेच केलं होतं. ग्रनोबलला मी सत्तरीतल्या एका बाईंकडे खोली घेऊन राहत होते. दर रविवारी त्या मला जेवायला बोलवत. पहिल्याच रविवारी त्यांनी विचारलं, काही खात नसशील तर सांग. मी म्हटलं, सगळं चालतं. त्यांनी वाइनमध्ये तीन तास शिजवलेलं गाईचं मांस वाढलं. मी बटाटे खाल्ले आणि मांस रुमालात गुंडाळून कचऱ्यात टाकलं. असे कितीतरी रविवार गेले. एकदा त्यांनी तो रुमाल पाहिला. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मी विचारलं होतं ना?"

तेव्हापासून हा प्रश्न माझ्याबरोबर आहे, आणि तुम्हीही परदेशात कुणाच्या तरी टेबलावर बसला असाल म्हणून तुमच्यापुढे ठेवते : पाहुण्याने आपलं खरं किती सांगावं?

आपल्या घरांत 'नको' म्हणजे नको नसतं. पहिलं 'नको' रीत म्हणून, दुसरं आग्रहाला वाव म्हणून, आणि तिसऱ्या वेळी ताटावर आडवा हात धरला की मग पोट खरंच भरलेलं. याला कुणी खोटं म्हणत नाही, कारण दोन्ही बाजूंना खेळाचे नियम ठाऊक असतात. इथे कुवेतमध्ये कुणी अरबी कॉफी देत असेल तर रिकामा फिंजान पुढे केला की तो पुन्हा भरला जातो. पुरे असेल तर तो हलकेच हलवून परत द्यायचा. फ्रान्समध्ये कुणी काही देऊ केलं आणि तुम्ही नुसतं 'मेर्सी' म्हणालात, तर बरेचदा त्याचा अर्थ 'नको' असा होतो, आणि ताट पुढे जातं. तिन्हीकडे सभ्यताच आहे. पण नियम माहीत नसलेल्या माणसापुढे आपली सभ्यता त्याला चकवा देते. माझ्या 'सगळं चालतं'मागे काय दडलंय, हे त्या बाईंनी कसं ओळखावं?

मला आनंदीबाई जोशी आठवतात. त्या 1883 साली, अठरा वर्षांच्या असताना, वैद्यकी शिकायला अमेरिकेला गेल्या आणि आधी रोझेल इथे कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्या. त्यांची ओळख कशी झाली? गोपाळरावांचं एका मिशनरी मासिकात छापलेलं पत्र कार्पेंटरबाईंच्या वाचनात आलं, आणि 1880पासून त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाईंनी त्या पत्रांतून आपले रीतिरिवाज समजावून सांगितले. निघण्याआधी श्रीरामपूरच्या जाहीर भाषणात त्यांनी स्पष्ट केलं, की अन्न, वेश आणि धर्म मी बदलणार नाही. ज्या घराकडे त्या निघाल्या होत्या ते घर ख्रिस्ती होतं, आणि आसरा तिथलाच मिळणार होता. तरी त्यांनी 'सगळं चालेल' म्हटलं नाही. कार्पेंटरबाई त्यांची मावशी झाली. 1887 साली आनंदीबाई गेल्यावर त्यांच्या अस्थी त्या मावशीकडेच पाठवल्या गेल्या, आणि तिने त्या पकीप्सीला आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेवल्या. आधी सगळं सांगून टाकल्याने जिव्हाळा कमी होतो, असं मला तरी यात दिसत नाही.

पण इथे एक अडचण आहे, आणि ती टाळली तर हा उपदेश फार सोपा होईल. आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी कुवेतमध्ये जन्मली. सतरा वर्षं इथे राहूनही ती वडिलांच्या इकाम्यावर आहे. जन्माने इथलं नागरिकत्व मिळत नाही. तिच्या आईचं 'यादी घेऊन जाऊ नये' हे फॉर्म पाहून सुचलेलं नाही, ते इतक्या वर्षांच्या सवयीतून आलं आहे. आणि ज्या बाया इथल्या घरांत राहून स्वयंपाक-सफाई करतात, त्यांच्या 'चालेल'चा अर्थ तर आणखी वेगळा. दिवसाला जास्तीत जास्त बारा तास काम आणि आठवड्याला एक सुट्टी, एवढं मिळावं म्हणून 2015 साली कायदा करावा लागला. जिचं राहणंच समोरच्याच्या मर्जीवर आहे तिने गप्प राहणं, याला मी अप्रामाणिकपणा म्हणणार नाही. खरं बोलण्याचं कर्तव्य आधी येतं ते बोलून ज्याचं काही बिघडणार नाही त्याच्यावर. मी त्या बाईंकडे भाडं भरून राहत होते. माझं काहीच बिघडणार नव्हतं.

मग सगळंच सांगावं का? नाही. चीजचा वास आवडत नाही, जेवण उशिरा होतं, चहा पाणचट असतो, हे सोसायचं. त्यासाठीच तर जायचं. जे दोन आठवड्यांत बदलणार नाही आणि यजमानाला बघून कळणार नाही, तेवढंच सांगायचं. मुलीला मी एवढाच नियम दिला. आईला तो पटला नव्हता.

मागच्या शुक्रवारी त्या फ्रेंच मुलीचा फॉर्म आला. तिखट सोसत नाही. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. शाळेतून आल्यावर तासभर एकटं बसायला आवडतं. आईने तो दोनदा वाचला. आधी म्हणाली, "काय बाई नखरे." मग शेंगदाण्याच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "आपल्याकडे कूट नाही अशी भाजी कुठली गं?" मग एकेक डबे आठवत राहिली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "बरं झालं लिहिलं. नाहीतर पहिल्याच दिवशी साबुदाण्याची खिचडी केली असती मी."

फ्रेंचमध्ये 'ओत' हा एकच शब्द यजमानासाठीही आहे आणि पाहुण्यासाठीही. मुलीने तो वहीत लिहून घेतला होता. परीक्षेत घोटाळा नको म्हणून खाली रेघ मारली होती. त्या दुपारी तिने आपला फॉर्म खोडून पुन्हा लिहिला. कुत्र्यांबद्दलची ओळ आईने सांगितली, तिने तिचं फ्रेंच केलं.